मिठाच्या जागी टोमॅटो

ह्यांचं मीठ बंद झालं तेव्हा मला वाटलं होतं, एवढंच ना. दारू नाही, तंबाखू नाही. चिमूटभर पांढरी पूड, ती आमटीत टाकायची नाही, झालं. मी आपली डॉक्टरांच्या समोर खुर्चीत बसून मान डोलावत होते आणि मनातल्या मनात संध्याकाळच्या स्वयंपाकाची जुळवाजुळव करत होते.

थंडीचे दिवस होते. ह्यांच्या पायांवर सूज आली होती आणि ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या आमच्या घराचा जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून हे खिडकीतून बाहेर बघायला लागले होते. मला वाटायचं, रिटायर झालेला इंजिनिअर आहे, समोरच्याच्या बांधकामात चुका काढत असेल. ते थांबणं धाप लागल्यामुळे होतं, हे दवाखान्यात गेल्यावर कळलं. डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. म्हणाले, "आँटी, इनका दिल थक गया है. नमक जितना जाएगा, पानी उतना रुकेगा, और वो पानी फेफड़ों तक जाएगा." रोज सकाळी वजन करायचं, वाढायला लागलं तर लगेच यायचं, आणि मीठ बंद. पापड, लोणची, नमकीन, सगळं बंद. मी विचारलं, थोडं तरी? ते हसले आणि म्हणाले, जे धान्यात-भाजीत मुळातच असतं, तेवढं पुष्कळ आहे.

घरी आम्ही तिघं. हे, मी आणि ह्यांच्या थोरल्या बहीण, माझ्या वन्सं. मुलगी बंगलोरला. वन्संना वैधव्य फार लवकर आलं आणि त्या माहेरी परतल्या. तेव्हा ह्यांची आई नुकतीच गेलेली, हे शाळकरी. वन्संनी गोरखीतल्या शाळेत शिवण शिकवलं आणि भावाला वाढवलं. ह्यांनी सत्तरी ओलांडली तरी त्या ह्यांना "बाळ" म्हणतात, आणि हे भर दुकानातसुद्धा "हो अक्का" म्हणून उत्तर देतात. नवी नवी होते तेव्हा मला हसू यायचं. पुढे राग यायचा. मग सवय झाली.

दवाखान्यातून आल्यावरचं पहिलं जेवण मी मनापासून केलं होतं. दुधी, मुगाचं वरण, पोळी, ताक. सगळं अळणी, पण जिरं, आलं, लिंबू सढळ हातानं. आमच्याकडे पान वाढायची पद्धत ठरलेली आहे. आधी वर मधोमध मीठ, मग डाव्या हाताला लिंबू, चटणी, कोशिंबीर, आणि उजवीकडे भाज्या. ग्वाल्हेरात पिढ्या गेल्या, बोलण्यात निम्मी हिंदी आली, पण पानाची डावी-उजवी बाजू कुणी बदलली नाही. त्या दिवशी मी मिठाची जागा रिकामी ठेवली. ह्यांनी नुसतं पानाकडे पाहिलं. बोलल्या त्या वन्सं.

"हे काय पान वाढलंस?"

"मीठ बंद आहे ना त्यांचं."

"मीठ न वाढलेलं पान श्राद्धाचं असतं. माणूस समोर बसलाय जिवंत, आणि तू त्याला तसलं पान वाढून राहिली आहेस?"

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असं नाही. आमच्या घरी श्राद्धाच्या पानात मीठ वाढत नाहीत, हे मीही लग्नानंतर वन्संकडूनच शिकले होते. पण मला ती आठवण त्या क्षणी नको होती. मी काही म्हणायच्या आत त्या उठल्या, आपल्या उपासाच्या डब्यातून सैंधव आणलं आणि चिमूटभर पानात ठेवलं. "हे फराळाचं आहे, चालतं," म्हणाल्या. मी चमच्यानं ते सैंधव उचललं आणि बेसिनमध्ये टाकलं. माझा आवाज पहिल्यापासून चढा. त्या दिवशी तो किती चढला असेल ते शेजारच्यांना विचारा. ह्यांनी दोन घास खाल्ले आणि हात धुतला.

पुढचे काही आठवडे मी माणूस वाळताना बघितला. हे खाण्यावर प्रेम करणारे. नोकरीत असताना कचोरीच्या दुकानावरून जायचं म्हणून लांबच्या रस्त्यानं ऑफिसला जायचे. आता पोळीचा तुकडा वरणात बुडवायचे, तोंडात घालायचे आणि डोळे मिटून गिळायचे. सूज उतरली, ते बरं झालं. पण गालही उतरले. शर्टाच्या कॉलरमध्ये माझी दोन बोटं सहज जायला लागली. मला मीठ देऊन ह्यांना मारायचं नव्हतं आणि न देऊनही मारायचं नव्हतं. मी देवापाशी बसले की जप बाजूला राहायचा आणि डोक्यात भाज्याच फिरायच्या.

छोट्या टोमॅटोंचं सुचवलं मुलीनं. फोनवर म्हणाली, "आई, ते चेरीवाले टमाटर देऊन बघ ना बाबांना. उनमें अपना ही इतना टेस्ट होता है, नमक की ज़रूरत ही नहीं पड़ती. और हार्ट के लिए भी अच्छे हैं. ट्राय तो करो." मी म्हटलं, आम्ही काय आता गोट्या खायच्या? पण दुसऱ्या दिवशी पर्स उचलून मुरारला गेले. तिथे फौजी लोकांची वस्ती, त्यांच्या बायका सॅलड खातात, त्यामुळे बाजारात असल्या वस्तू मिळतात.

पहिल्यांदा फसले. प्लास्टिकची चकचकीत डबी घेतली, वरून सगळे लालबुंद, घरी उघडली तर खालचे पाण्यात भिजून बुळबुळीत. पुढच्या वेळी डबी उलटी करून तळ बघितला. भाजीवाला म्हणाला, "अम्मा, सब एक जैसे हैं," आणि मला दाखवायला त्यानं ढिगावर पाणी शिंपडलं. मी त्याला म्हटलं, पाणी मारून ताजं होत असतं तर मीच रोज दोनदा आंघोळ केली असती. तो हसला, पण त्या दिवसापासून सुटे टोमॅटो कोरडे ठेवून मला निवडू द्यायला लागला.

निवडायला मी हळूहळू शिकले. रंग पुरता चढलेला हवा, साल ताणलेली हवी, बोटानं दाबलं तर किंचित दबून परत वर यायला हवी. देठ हिरवा असेल आणि तिथे नाक नेल्यावर पानांचा उग्र वास आला तर माल ताजा. तडकलेला एकही घ्यायचा नाही, तो शेजारच्यांनाही नासवतो. सगळे एका मापाचे असण्याची गरज नाही. उलट आमच्या भागातले जरा वेडेवाकडे, छोटे, गावठी मिळाले तर तेच जास्त आंबटगोड लागायचे. घरी आणल्यावर धुवायचे नाहीत. पसरट टोपलीत कापड घालून एकाशेजारी एक मांडायचे, ढीग करायचा नाही. फ्रिजमध्ये घातले की चव मरते, म्हणून थंडीत ओट्यावर. पण ग्वाल्हेरचा उन्हाळा काही टोमॅटोचं ऐकत नाही. मार्च सरला की पुरते पिकलेले फ्रिजच्या दारात ठेवायचे आणि जेवणाआधी थोडे बाहेर काढून ठेवायचे. डॉक्टरांनाही विचारून घेतलं. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट बघून सांगितलं, मूठभर चालतील, टोपलीभर नकोत.

पहिल्या दिवशी मी सहज म्हणून चार-पाच टोमॅटो पानाच्या वरच्या बाजूला, मिठाच्या जागी ठेवले. खरं सांगायचं तर सहज नव्हतं. ती रिकामी जागा मलाही बघवत नव्हती. ह्यांनी एक तोंडात टाकला, चावला आणि दचकून माझ्याकडे पाहिलं. "अगं, ह्याला मीठ लागत नाही," म्हणाले. मग दुसरा घेतला. त्या दिवशी पोळी पूर्ण गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच गॅस पुसत बसले. रडू आलं होतं, ते ह्यांना दिसायला नको होतं.

मग मी सुटलेच. लोखंडी तव्यावर लसणाच्या पाकळ्यांबरोबर साल फुटेपर्यंत भाजलेले. अर्धे चिरून भाजलेलं जिरं, पुदिना आणि लिंबू घातलेले. दह्यात घालून वर हिंगाची फोडणी. वन्सं हे सगळं बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. मला वाटलं, जिंकले. त्यात एक दिवस त्याच आपणहून म्हणाल्या, "तुझ्यामागे किती कामं. बाळची टमाटरची वाटी मी करत जाईन." मी खूश. इतक्या वर्षांत वन्संनी माझी एखादी नवी गोष्ट उचलून धरावी, असं झालं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या जागी त्यांच्या हातची वाटी यायला लागली. आख्खे टोमॅटो, स्वच्छ पुसलेले.

आणि हे त्या वाटीवर तुटून पडायला लागले. माझे भाजलेले राहायचे, दह्यातले राहायचे, वन्संची वाटी रिकामी. मी चिडवायची, "आम्ही तव्यापाशी तापायचं आणि अक्कांनी नुसतं धुऊन दिलं तरी ते अमृत." हे हसायचे. वन्संही हसायच्या. त्या वसंतात आमचं घर बरंच हसलं.

वजन थोडं थोडं वाढायला लागलं तेव्हा मला आनंद झाला. डॉक्टरांनी सांगितलं ते पाण्याचं वजन, हे खाण्याचं, असं मी धरून चालले. खातात म्हणून अंग धरताहेत, असं मी मुलीलाही सांगितलं. मग एका सकाळी मोजे काढताना ह्यांच्या घोट्यावर खोल वळ दिसला. बोटानं दाबलं तर खड्डा तसाच राहिला. मीठ तर स्वयंपाकात पडतच नव्हतं. मग माझा संशय टोमॅटोंवर गेला. एवढंसं फळ, आत सगळं पाणीच. तेच साचत असेल. नाहीतर फवारणीचं औषध असेल. मी भाजीवाला बदलला. टोमॅटो कोमट पाण्यात घोळून घ्यायला लागले. वाटीतले मोजून कमी केले, तर हे रुसले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनंतरची मिळाली होती, तोवर मी ह्यांच्या पायाखाली उशा ठेवत होते.

त्याच्या आदल्या दुपारी लाइट गेली. कूलर बंद, घराची भट्टी झालेली. ह्यांचं जेवण उरकलं होतं आणि हे आत पडले होते. ताट उचलताना वाटीत एक टोमॅटो उरलेला दिसला. फेकायचा कशाला म्हणून मी तोंडात टाकला.

खारट होता. वरून नाही, आतून. चावल्याबरोबर खारं पाणी जिभेवर आलं.

मी वन्संच्या खोलीत गेले. त्यांच्या कपाटात साड्यांच्या खालच्या कप्प्यात चिनी मातीची बरणी होती, तोंडाला फडक्याचा दादरा बांधलेली. आत पाण्यात टोमॅटो. प्रत्येकाला बारीक बारीक भोकं. हार ओवायच्या जाड सुईनं त्यांनी ते टोचले होते आणि आपण मिठाच्या पाण्यात आवळे घालतो तसे मुरवले होते. वन्सं पलंगावर पोथी घेऊन बसल्या होत्या. दचकल्या नाहीत, लपवाछपवीही केली नाही.

"सैंधवाचं पाणी आहे ते," म्हणाल्या. "मीठ नव्हे. एकादशीला मी खाते. ज्या दिवशी मीठ खायचं नसतं त्या दिवशी जे चालतं, ते मीठ कसं असेल?"

"मग लपवलं कशाला?"

"तू फेकलं असतंस. बेसिनमध्ये फेकलंस ना तेव्हा, त्याच्या पानातून उचलून." मग त्यांचा आवाज उतरला. "मी त्या पोराला भरवलंय. त्याच्यापुढे मी तसलं पान नाही बघू शकत गं. वरून दिसत नाही, पण पानात काहीतरी आहे, एवढं मला पुरत होतं."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. त्यातला एकही शब्द मला खोटा वाटत नव्हता आणि आजही वाटत नाही. आम्ही दोघी बोलत असताना आतून ह्यांची हाक आली, म्हणजे हाकेसारखा काहीतरी आवाज. जाऊन पाहते तर हे पलंगाच्या कडेला उठून बसलेले, दोन्ही हात गादीवर रोवलेले, तोंड उघडं. आडवं होता येत नव्हतं. छातीतून पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता. शेजारच्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. वन्सं फाटकापाशी अनवाणी उभ्या होत्या, तापलेल्या फरशीवर.

ऑक्सिजन लावला, पाणी उतरायची इंजेक्शनं दिली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. सैंधवाचं सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "आँटी, सेंधा हो या सादा, दिल के लिए नमक नमक है." पुढच्या खेपेला हृदय एवढा ताण सोसेलच असं नाही, हेही सांगितलं. गोड बोलणारा माणूस, पण ते त्यानं गोड करून सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांचा मास्क काढला तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला चवीवरून कळलं नाही?"

"पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

ह्यांनी नजर छताकडे वळवली. "अक्का खूश होती. तू तर इतकी खूश होतीस की काय सांगू. आणि मला चव लागत होती गं."

वॉर्डात ओरडता येत नाही म्हणून मी ओरडले नाही. आजवर सगळा राग वन्संच्या नावावर जमा होता, तो अर्धा ह्यांच्याकडे वळला. ज्याच्या जिवासाठी मी टोमॅटोंचे देठ हुंगत हिंडले, त्याला रोज दोन वेळा आपण काय खातोय ते ठाऊक होतं. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन बाकावर बसले. मला भयंकर एकटं वाटलं.

घरी आलो तेव्हा वन्संनी मला एकच प्रश्न विचारला. "सैंधवाचं डॉक्टर काय म्हणाले?"

"मीठच आहे म्हणाले."

त्या खाली बसल्या. "म्हणजे इतक्या एकादश्या मी मीठच खाऊन राहिले होते," म्हणाल्या, आणि मग, अगदी हळू, "आणि बाळला..." मला त्यांची कीव आली आणि रागही गेला नाही. दोन्ही एकदम येतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या दिवसापासून त्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडेनाशा झाल्या. पाणी हवं असलं तरी दाराशी उभ्या राहायच्या.

त्याच रात्रीचं पान मी वाढलं. टोमॅटो चिरून, बिया दिसतील असे उघडे ठेवले. ह्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि वाटीकडे बघत बसले. वन्सं दारातच होत्या. माझ्या जिभेवर नेहमीचं आलं होतं, खा बघू, छान आहेत. ते मी गिळलं.

"हे बघा," मी म्हटलं, "मी आता पहारा करणार नाही. कपाटं तपासणार नाही. तुम्हाला मीठ हवं असेल तर आम्हा दोघींच्या तोंडावर सांगा. काय व्हायचं ते डॉक्टरांनी सांगितलंय. पण मला खूश करायला काही खाऊ नका आणि अक्कांनाही."

मला वाटलं, हे उठून जातील. मग ह्यांनी मान वर केली, माझ्याकडे नाही, दाराकडे.

"अक्का, त्या दुपारी मला श्वास येईना," म्हणाले. "हाक मारायची होती तर तोंडातून शब्द फुटेना. तुम्ही दोघी पलीकडे भांडून राहिला होतात, ते मला ऐकू येत होतं, आणि मला वाटलं, हे ऐकता ऐकताच जाणार आपण." ह्यांचा आवाज कापायला लागला. अख्ख्या संसारात मी तो तसा ऐकला नव्हता, ह्यांचे वडील गेले तेव्हासुद्धा नाही. "मी फार घाबरलो होतो. मला मरायचं नाहीये गं अक्का. एवढ्यात नाही."

वन्संनी पदर तोंडावर धरला. इतके दिवस आम्ही दोघी ह्यांच्या पानावरून भांडलो, आणि ह्यांना भीती वाटते का, हे दोघींपैकी एकीनंही विचारलं नव्हतं.

मग ह्यांनी वाटी पुढे ओढली, एक फोड तोंडात घातली आणि कितीतरी वेळ चावत राहिले. चव लागत नव्हती, ते तोंडावर स्वच्छ दिसत होतं. ती फोड गिळली आणि दुसरी उचलली.